रिकामी खुर्ची

"दाताच्या डॉक्टरांना तुम्ही काय शिकवणार?" हा प्रश्न गेली वीस-बावीस वर्षे आम्ही ऐकत आलो आहोत. लग्नाच्या मांडवात, विरार लोकलच्या डब्यात, बाजारात भाजी घेताना कोणी ना कोणी तो विचारतोच. विचारणाऱ्यांचा दोष नाही. आम्हां उभयतांपैकी कोणीही दंतवैद्य नाही. एकाने आयुष्याची सत्तावीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखांतून खतावण्या तपासण्यात घालवली. दुसरीने मुंबईच्या उपनगरातील एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी एकोणीस वर्षे बसून नावे लिहून घेतली, फोन उचलले, पैसे मोजले आणि खुर्चीवर बसायला घाबरणाऱ्या लहानथोरांना धीर दिला. २००१ साली बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत एकाची नोकरी सुटली. पुढे दोन वर्षांनी वृद्धत्वामुळे दंतवैद्यांनी दवाखाना बंद केला आणि दुसरीचीही सुटली. मुलगा शाळेत होता, घराचा हप्ता चालू होता आणि वसईत नव्या नव्या इमारतींबरोबर दातांचे नवे नवे दवाखाने उघडत होते. एकाला हिशेब कळत होता, दुसरीला दवाखाना कळत होता. या दोन अर्धवट ज्ञानांची सांगड घालून आम्ही २००३ साली दंतवैद्यांना त्यांचा दवाखाना नीट कसा चालवावा, याचा सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला.

आमच्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर तरुण असत. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून ते बाहेर पडलेले असत. दाढेच्या मुळाच्या नसा त्यांना डोळे मिटून सांगता येत. परंतु गाळ्याचे भाडे, मदतनीस मुलीचा पगार आणि बँकेचा हप्ता यांचा मेळ कसा घालावा, हे त्यांना कोणी फारसे शिकवलेले नसे. पैशाचा विचार करणे हे वैद्याला कमीपणाचे आहे, अशीही एक समजूत असते. अशा वेळी आम्ही त्यांना डॉ. रफिउद्दीन अहमद यांची हकिगत सांगत असू. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून ते भारतात परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्याला देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. त्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे पेयांचे दुकान चालविले होते. म्हणजे आपल्या देशातील दंतवैद्यकाचे पहिले विद्यालय एका दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहिले. गल्ला वाईट नाही. गल्ल्यातला पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, एवढेच पाहायचे असते, असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू. या वाक्याचा पूर्वार्ध आपण स्वतःच विसरू, असे तेव्हा आम्हांला वाटले नव्हते.

आमचा पहिला धडा खुर्चीचा असे. त्या काळचा एक साधा हिशेब पाहा. भाडे ९,००० रुपये, दोघींचे पगार ७,०००, कर्जाचा हप्ता १०,००० आणि वीज, फोन, किरकोळ मिळून ४,०००. औषधे व साहित्य सोडून एकूण ३०,००० रुपये महिन्याला जाणारच, रुग्ण येवो न येवो. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे दोनशे तास. खुर्चीचा एक तास दीडशे रुपयांना पडला. परंतु महिन्याभरात खुर्चीवर प्रत्यक्ष रुग्ण बसला तो नव्वद तासच. तेव्हा तोच तास ३३३ रुपयांना पडतो. दुकानदाराचा न विकलेला माल उद्या विकला जातो. रिकाम्या खुर्चीचा तास मात्र पुन्हा येत नाही. हा हिशेब कागदावर मांडला की डॉक्टर गप्प होत आणि मग आमचे बोलणे ऐकू लागत.

खुर्ची रिकामी का राहते, याची कारणे बहुधा क्षुल्लक असत. एका दवाखान्यात रुग्ण तासन् तास ताटकळत आणि कंटाळून निघून जात. डॉक्टरांना वाटे, आपला हात सावकाश आहे. आम्ही एक दिवस घड्याळ घेऊन बसलो. हात सावकाश नव्हता. हत्यारांचे संचच तीन होते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे निर्जंतुक होणे, त्याआधी धुणे, तापणे आणि नंतर सुकणे, या सगळ्यात पाऊण ते एक तास जातो. चौथ्या रुग्णाने थांबायचे नाही तर काय करायचे? आणखी पाच संच घेतल्यावर रांग ओसरली. दुसऱ्या एका ठिकाणी फोन उचलणारी मुलगी दुखऱ्या दाताच्या माणसाला "डॉक्टर बिझी आहेत, उद्या करा" म्हणून सांगे. तिला आम्ही एवढेच शिकविले की, आधी "किती दिवसांपासून दुखते आहे?" असे विचारावे. माणसाचे दुखणे कोणीतरी विचारले की तो दुसऱ्या दवाखान्याचा नंबर शोधत नाही. कॅपचे माप प्रयोगशाळेत कधी गेले, परत कधी येणार, कोणाला सहा महिन्यांनी तपासणीला बोलवायचे आहे, यासाठी आम्ही लांब वह्या आखून दिल्या. ही कामे लहान होती. पण त्यांनी दवाखाने सावरले आणि आमचेही घर चालले.

हे सारे सरळ चालले असताना वाट कोठे वळली, ते आता सांगायचे आहे.

२०१० च्या सुमारास आमचा मुलगा अभियांत्रिकीला गेला आणि खर्च वाढला. त्याच सुमारास मुंबईच्या एका हॉटेलात भरलेल्या व्यवसाय-मार्गदर्शनाच्या वर्गाला आम्ही उभयतां जाऊन आलो. तेथे आम्ही नवी भाषा ऐकली. रुग्णामागे सरासरी उत्पन्न किती, सांगितलेल्या उपचारांपैकी किती उपचारांना रुग्णाने होकार दिला, दर महिन्याचे लक्ष्य काय. सल्लागाराने ठरावीक मोबदला घेऊ नये, वाढलेल्या उत्पन्नात हिस्सा घ्यावा, म्हणजे दोघांचे हित एक होते, हे आम्हांला फार पटले. परत आल्यावर आम्ही आमच्या नऊ दवाखान्यांशी नवा करार केला. वाढलेल्या उत्पन्नाचे शेकडा पाच आमचे. मदतनीस मुलींसाठी आम्ही बोलण्याची वाक्येही लिहून दिली. त्यांतले एक वाक्य असे होते: "आज निर्णय घेतलात तर एवढ्यात भागेल, उद्यावर टाकलेत तर किती होईल ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत."

वाक्य खोटे नव्हते. कीड वाढते, दाढ पोखरते, खर्च वाढतो. आम्हांला त्याचा अभिमानच वाटला होता.

त्या नऊ दवाखान्यांत एका तरुण डॉक्टरणीचा दवाखाना होता. शेतकऱ्याघरची हुशार मुलगी. तिच्या शिक्षणापायी वडिलांनी वाडीचा एक तुकडा विकला होता आणि दवाखान्याचे कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर होते. पहिल्या वर्षी हप्ते थकले होते. आमच्या सल्ल्याने ते फिटू लागले. ती आम्हांला काका-काकू म्हणत असे. २०११ च्या पावसाळ्यात तिच्याकडे टेबलाशी नवी मुलगी लागली. तिला तयार करण्यासाठी आमच्यापैकी जिला त्या कामाची सवय होती, ती आठवडाभर शेजारी बसली.

एके दुपारी फुले विकणाऱ्या एक मावशी आल्या. पहाटेच्या गाडीने चाफा घेऊन दादरला जायचे, दुपारी परतायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. एक दाढ दुखत होती. तपासणी झाली, क्ष-किरण चित्र निघाले आणि चिठ्ठी टेबलावर आली. तीन दाढांचे रूट कॅनॉल, तीन कॅप, एकूण अठरा हजार रुपये. मावशींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि मुलीला विचारले, "बाय, दुखते तर एकच गं?" मुलीने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मग पाठ केलेले वाक्य अचूक म्हटले. आज निर्णय घेतलात तर एवढ्यात भागेल. उद्यावर टाकलेत तर डॉक्टरही सांगू शकणार नाहीत.

आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही अशा माणसाला उद्देशून ऐकणे ही वेगळीच गोष्ट आहे. कागदावर ते समजुतीचे वाटले होते. त्या दुपारी ते धमकीसारखे ऐकू आले. मावशी काही बोलल्या नाहीत. चिठ्ठी चोळीत खोचून त्या निघून गेल्या आणि दोन दिवसांनी रुमालात बांधलेले पैसे घेऊन आल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातांत पाटल्या होत्या. त्या दिवशी मनगटे मोकळी होती.

त्या रात्री आमच्या घरी जेवणे झाली नाहीत. आमच्यात मतभेद पडला. एकाचे म्हणणे असे की, कोणत्या दाढेला काय हवे हे ठरविणारे आपण कोण? आपण दंतवैद्य नाही. कीड असेलही. पाटल्या कशासाठी मोडल्या, हेही आपल्याला ठाऊक नाही. उगाच मनाला लावून घेऊ नये. दुसरीचे म्हणणे असे की, दातांतले आपल्याला कळत नसेल, पण भीतीतले कळते. एकोणीस वर्षे त्या टेबलाशी बसून दुसरे काही पाहिले नाही. माणूस पटून हो म्हणतो तेव्हा कसा दिसतो आणि भिऊन हो म्हणतो तेव्हा कसा दिसतो, हे आपण ओळखतो. एक जण वह्या घेऊन बसला. मध्यरात्रीपर्यंत आकडे तपासल्यावर त्याच्या लक्षात आले की, करार झाल्यापासून आमच्या दवाखान्यांत रुग्णांची संख्या फारशी वाढलेली नव्हती. वाढले होते ते प्रत्येक रुग्णाचे बिल. बँकेत सत्तावीस वर्षे खतावण्या तपासणाऱ्याला हा आकडा वर्षभर दिसत होता. पण त्यातले शेकडा पाच आपले होते, म्हणून तो खटकला नव्हता. अठरा हजारांचे शेकडा पाच म्हणजे नऊशे रुपये. मतभेद तेथे संपला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना मिटण्याच्या वेळी आम्ही डॉक्टरणीकडे गेलो. पहिल्याने ती रागावली. "तुम्हांला दातांतले काय कळते, काकू?" असे तिने विचारले, आणि तो प्रश्न योग्यच होता. मग ती बराच वेळ गप्प राहिली. "दोन दाढांत कीड होती, पण वरवरची," ती म्हणाली. "साधे भरून थांबता आले असते. लक्ष ठेवून पाहता आले असते. पण काका, दरमहा तुम्हीच मला विचारता की रुग्णामागे सरासरी किती पडले. आता तोंडात आरसा घातला की मला आधी तो आकडा दिसतो. थांबले असते तर हप्ता थांबला असता का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिला दोष द्यायला गेलो होतो असे नाही. पण तो वाटून घेतला जाईल, अशी कोठेतरी आशा होती. तो सगळाच आमच्या पदरात आला. तिने आमचा करार तेथेच संपविला.

नऊशे रुपये घेऊन आम्ही मावशींच्या घरी गेलो. काय सांगायचे, ते वाटेत ठरत नव्हते. शेवटी, "हिशेबात आमची चूक झाली होती," एवढेच तोंडातून निघाले. ते खरे होते आणि पुरते खरे नव्हते. मावशींनी पैसे मोजून घेतले आणि मग मोठ्या हौसेने तोंड उघडून आम्हांला कॅपा दाखविल्या. "डॉक्टरणीचा हात हलका आहे. आता भाकरीची कडसुद्धा चावते," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी पानात गुंडाळून चाफ्याची फुले हातावर ठेवली. त्यांची समजूत मोडून त्यांना दुःखी करावे, की गैरसमजातच त्यांना समाधानी ठेवावे, याचा निर्णय आम्हांला तेव्हा झाला नाही. आज इतक्या वर्षांनीही आम्ही योग्य केले, असे ठामपणे म्हणता येत नाही. पूर्ण सत्य सांगण्याचे धैर्य कमी पडले, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

त्यानंतर उरलेल्या आठही डॉक्टरांना आम्ही सांगितले की, टक्केवारी बंद. पूर्वीप्रमाणे ठरावीक मोबदला. चौघांनी आम्हांला निरोप दिला. त्यांतल्या एकाने हसून विचारले, "उत्पन्न वाढविण्यात तुम्हांलाच रस नसेल, तर तुमचा उपयोग काय?" त्या वर्षी आमची प्राप्ती निम्म्यावर आली. मुलाच्या फीसाठी पतपेढीतून कर्ज काढावे लागले. त्याला कारण सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. सुट्टीत शिकवण्या घेऊ लागला.

उरलेल्या चार दवाखान्यांत आम्ही वाक्यांचे कागद परत घेतले आणि त्यांच्या जागी एक साधा तक्ता दिला. रुग्णाला मराठीत लिहून द्यायचा. पहिल्या रकान्यात आता करावेच लागेल ते, दुसऱ्यात थांबून पाहता येईल ते आणि तिसऱ्यात केवळ दिसण्यासाठी करायचे ते. प्रत्येकापुढे खर्च आणि काहीच न केल्यास काय होईल, ते. तक्ता रुग्णाने घरी न्यायचा आणि मोठे काम असेल तर दुसऱ्या दिवसाआधी होकार द्यायचा नाही. कोणाला दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल, तर क्ष-किरण चित्र बिनतक्रार हाती द्यायचे. खर्च झेपत नसेल त्याला मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाचा पत्ता द्यायचा. १९३३ पासून ते महाविद्यालय उभे आहे. कोणता दात कोणत्या रकान्यात, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. तेथे आमचे काम नाही. रकाने तीन आहेत आणि रुग्णाला ते दिसतात, एवढेच आम्ही पाहायचे. २०१४ साली दंत परिषदेची सुधारित आचारसंहिता प्रसिद्ध झाली. रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देणे-घेणे तिच्यात निषिद्ध ठरविलेले आहे. ती आम्ही प्रत्येक डॉक्टरांबरोबर बसून वाचली. आमची टक्केवारी त्या कलमात बसत नव्हती, परंतु वाचताना मान खाली जात असे.

तक्त्याने उत्पन्न वाढले काय? पहिल्या वर्षी थोडे घटलेच. दुसऱ्या वर्षापासून एक निराळी गोष्ट दिसू लागली. "थांबून पाहता येईल" असे सांगितलेली माणसे सहा महिन्यांनी आपण होऊन येऊ लागली आणि येताना घरातल्या कोणाला तरी बरोबर आणू लागली. खुर्ची पुन्हा भरली, पण सावकाश. कोणी झटपट विचारले, तर आमच्याकडे देण्यासारखे आता काही नाही.

२०१४ च्या अखेरीस एके दिवशी त्या डॉक्टरणीचा फोन आला. "काकू, तुमचा तो तक्ता मला हवा आहे," एवढेच ती म्हणाली. मागचे कोणी काढले नाही. ठरावीक मोबदल्यावर आम्ही पुन्हा तिच्याकडे जाऊ लागलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दाताच्या यंत्रातून उडणाऱ्या तुषारांमुळे संसर्गाची मोठी भीती होती आणि तातडीच्या कामाखेरीज दवाखाने बंद राहिले. खुर्चीच्या तासाचा आमचा सारा हिशेब निरुपयोगी झाला. आम्ही तेव्हा कोणाकडूनच मोबदला घेतला नाही. त्या काळात डॉक्टरणीने विचारले, "आता काय करू?" आम्ही म्हणालो, "वही काढ आणि एकेकाला फोन कर. बोलावू नकोस. नुसते कसे आहात ते विचार." तिने रोज वीस-पंचवीस फोन केले. एके संध्याकाळी तिचा आम्हांला फोन आला. आवाज जड झाला होता. फुलवाल्या मावशींना तिने फोन लावला होता. लोकल बंद, दादरचा बाजार बंद, झाडावरचा चाफा झाडाखालीच गळून पडत होता. तरी मावशींनी आपले रडगाणे गाइले नव्हते. "त्यांनीच मला विचारले," ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचा हप्ता कसा जातो?"

पुढे दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टरणीने मावशींना बोलावून घेतले आणि त्या दोन दाढांविषयी जे खरे होते, ते समोर बसवून सांगितले. आम्ही त्या वेळी तेथे नव्हतो. मावशी काय म्हणाल्या, ते तिने आम्हांला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. जे आम्हांला जमले नव्हते ते तिने केले, एवढे आम्हांला कळले. त्यानंतरही मावशी तिच्याकडेच येतात, हेही वहीत दिसते.

आता आमच्याकडे पाचच दवाखाने आहेत आणि वयोमानाप्रमाणे तेवढेच पुरे. नवा कोणी डॉक्टर आला की, अजूनही आम्ही खुर्चीचा हिशेब मांडतो, ऑटोक्लेव्हपाशी घड्याळ घेऊन बसतो, फोन कसा उचलतात ते ऐकतो. मात्र महिन्याच्या शेवटी रुग्णामागे सरासरी किती पडले, हे विचारीत नाही. त्याऐवजी, "या महिन्यात किती जणांना थांबायला सांगितलेत?" असे विचारतो. पुष्कळ डॉक्टर त्यावर गोंधळतात. काही हसतात. एखादा मात्र वही उघडून मोजू लागतो.